चार दिवसांच्या स्टेज रेसची तयारी: वेळ नेमका कुठे जातो

प्रश्न थोडक्यात असा आहे. विचारणारे निपाणीचे, वय ३६, वजन ७० किलो, दोन वर्षं रोड बाइक चालवतात. दर रविवारी एकटेच शंभर किलोमीटर मारतात, सरासरी २७-२८ पडते. ११ आठवड्यांनी चार दिवसांची हौशी स्टेज रेस आहे आणि नाव देऊन झालंय. आता विचारतात, रोज किती किलोमीटर चालवू, पॉवर मीटर (पायांचा जोर मोजणारं यंत्र) घेऊ का, आणि तिसऱ्या दिवशी पाय संपले तर काय करायचं?

मी बेळगावात राहतो. स्वतः अशा रेसा खेळलोय, आता टिळकवाडी-शहापूरकडच्या पोरांना तयारीला मदत करतो. तुमच्या प्रश्नातली किलोमीटरची काळजी मला फारशी वाटत नाही. जो माणूस दर रविवारी शंभर मारतो, त्याचे पाय चार दिवस टिकतात. मला खटकलं ते 'एकटेच'. स्टेज रेस म्हणजे रोज एक रेस, तिला स्टेज म्हणतात, आणि शेवटी रोजच्या वेळांची बेरीज. हौशी माणसाची ही बेरीज बिघडते ती दोन ठिकाणी: बंच, म्हणजे एकत्र चालणारा सायकलवाल्यांचा घोळका, फुटतो तेव्हा हा माणूस चुकीच्या जागी असतो, आणि फिनिशनंतर दुसऱ्या दिवशीच्या स्टार्टपर्यंतचे सतरा-अठरा तास तो वाया घालवतो. या दोन्ही गोष्टी एकट्याच्या शंभर किलोमीटरमध्ये शिकता येत नाहीत.

आधी जे परिस्थितीवर अवलंबून आहे ते सांगून टाकतो. रूटमध्ये मोठा घाट आहे की नुसती चढ-उताराची सडक, टाइम ट्रायल (एकेकट्याने घड्याळाशी लावायची शर्यत) आहे का, टाइम कट (ज्याच्या आत पोचलं नाही तर बाद, ती वेळ) किती कडक आहे, वयोगट वेगळे सुटतात की सगळे एकत्र, यावर बरंच बदलतं. आणि हो, घरी लहान मूल असेल आणि रात्री झोप होत नसेल, तर मी खाली लिहिलेल्या तासांतून चौथा हिस्सा सरळ कापा. झोप नसताना केलेला व्यायाम अंगाला लागत नाही.

आता बंचकडे येतो. सायकलचा वेग तिशीच्या पुढे गेला की तुमची बहुतेक ताकद हवा कापण्यात जाते. पुढच्याच्या चाकामागे नीट बसलात तर पाव ते एक तृतीयांश मेहनत वाचते, मोठ्या बंचच्या पोटात त्याहून जास्त. याचा हिशेब मांडून बघा. समजा, स्टेजच्या शेवटच्या वीस किलोमीटरआधी एक चढ आहे आणि माथ्याच्या दोनशे मीटर अलीकडे तुम्ही बंचमधून सुटलात. पुढे बंच ३८ ने जातो, तुम्ही एकटे जीव काढून ३० ने. बंचला वीस किलोमीटरला साडेएकतीस मिनिटं लागतात, तुम्हाला चाळीस. म्हणजे दोनशे मीटरपायी साडेआठ मिनिटं गेली! तीन महिने सराव करून त्या चढावर तुम्ही वाचवाल ते जेमतेम मिनिटभर. शिवाय जे बंचमध्ये राहिले ते पाय वाचवून पोचले आणि तुम्ही पिळून निघालात, ते उद्याच्या खात्यात वेगळं.

साधारण नियम असा असतो की एका गटात आलेल्या सगळ्यांना त्या गटाच्या पहिल्या माणसाचा वेळ मिळतो. त्यामुळे सपाट स्टेजला तुम्ही बंचमध्ये चाळिसावे आलात काय आणि दहावे आलात काय, एकूण वेळेला फरक पडत नाही. स्प्रिंटसाठी शेवटी धक्काबुक्कीत शिरायची तुम्हाला काडीची गरज नाही. फक्त काही हौशी रेसमध्ये प्रत्येकाचा चिपने मोजलेला स्वतःचा वेळ जसाच्या तसा धरतात, तेव्हा हे आयोजकांना आधी विचारून घ्या. सेकंदांना हसू नका मात्र. १९८९ ची टूर द फ्रान्स ग्रेग लेमाँडने तीन आठवड्यांनंतर ८ सेकंदांनी जिंकली होती. आपल्या पातळीवर सेकंदांनी कोणी हरत नाही, मिनिटांनी हरतो, आणि ती मिनिटं वर सांगितली तशीच जातात.

मग बंच फुटतो कुठे? आपल्या भागात चढाइतकाच तो आडव्या वाऱ्यात फुटतो, आणि हे घाटाचा सराव केलेल्या माणसाच्या ध्यानातच नसतं. चिकोडी, रायबाग, अथणीकडच्या काळ्या रानातून जाणारे रस्ते डोळ्यांसमोर आणा. ऊस उभा असेल तोवर रस्त्याला दोन्ही बाजूंनी भिंत असते, वारा कळतच नाही. पण तोडी सुरू झाल्या की मधेमधे फड मोकळे होतात. उसाची भिंत संपते तिथे आडवा वारा एकदम अंगावर येतो, बंच रस्त्याच्या एका कडेला तिरका पसरतो, आणि रस्त्याची रुंदी संपली की मागच्यांना आडोसाच उरत नाही. ते एका ओळीत गटाराच्या कडेला लटकतात आणि एकेक करून सुटतात. विजापूर-बागलकोटकडची पोरं असल्या वाऱ्यात वाढलेली असतात. कुठला फड मोकळा आहे हे लांबून बघून ती आधीच पुढे सरकतात. तुम्हीही तेच करायचं. वारा लागल्यावर पुढे जाता येत नाही, लागायच्या आधी जावं लागतं.

बंचमध्ये तुमची जागा पुढच्या एक तृतीयांश भागात, पण अगदी टोकाला नाही. शेपटीला बसणं आरामाचं वाटतं, पण प्रत्येक वळणानंतर आणि प्रत्येक गावाच्या तोंडच्या गतिरोधकानंतर पुढचे पळालेले असतात आणि शेपटीवाल्याला दर वेळी स्प्रिंट मारून फट भरावी लागते. शंभर किलोमीटरमध्ये असे कितीतरी स्प्रिंट होतात आणि माणसाला वाटतं, आज पाय बरे नव्हते. चढाच्या पायथ्याशी तर पुढे असायलाच हवं. पुढून चढ सुरू केलात की आपल्या दमाने चढत हळूहळू मागे सरकायला जागा मिळते. वीस-तीस जण तुम्हाला ओलांडून गेले तरी माथ्यावर तुम्ही बंचमध्येच असता. मागून सुरू केलात तर पहिल्याच वळणावर सुटता.

आणि पुढचा गट खरंच तुमच्या आवाक्याबाहेरचा असेल तर? सोडा त्याला, लवकर सोडा. चढावर दोन-तीन मिनिटांत कळतं. मागे वळून बघा, जो दहा-बारा जणांचा गट येतोय त्यात शिरा आणि आळीपाळीने पुढे काम करा. सगळ्यात वाईट म्हणजे दोन गटांच्या मधे एकटं लटकणं, धड इकडे ना धड तिकडे. पहिल्या दिवशी उत्साहाच्या भरात निम्मे नवखे हेच करतात आणि त्याची किंमत तिसऱ्या दिवशी मोजतात.

म्हणून तुमच्या ११ आठवड्यांतली माझी पहिली सूचना: रविवारची एकट्याची राइड बंद करा. कोल्हापुरात आणि बेळगावात सकाळी निघणारे ग्रुप आहेत, निपाणी दोन्हींच्या मधे आहे. महिन्यातून तीन रविवार तरी कुणाच्या तरी चाकामागे घालवा. पुढच्याचं मागचं चाक आणि तुमचं पुढचं चाक एकमेकांना कधी आडवं येऊ द्यायचं नाही, नजर चाकावर न ठेवता पुढच्याच्या खांद्यावरून लांब ठेवायची, ब्रेक हळू आणि आधी, एका हाताने केळं सोलून खायचं, बाटली न बघता पिंजऱ्यात परत घालायची. हे हाताच्या सवयीचं काम आहे, वाचून येत नाही. पहिले दोन आठवडे हातभर अंतर ठेवा, मग आपोआप कमी होतं. या भागातली रेस असेल तर बंचमध्ये कानडीत ओरडा होतो: 'गुंडी' म्हणजे खड्डा, 'बलक्के' उजवीकडे, 'एडक्के' डावीकडे. निपाणीकराला हे सांगायला नको, पण पुण्या-मुंबईहून येणाऱ्यांची यात दर वेळी गंमत होते, आणि खड्ड्याच्या बाबतीत ती गंमत महागात पडते. हंगामात रस्त्यावर सांडलेला ऊस आणि ट्रॅक्टर-ट्रॉलीचा चिखल असतो तो वेगळाच.

आता किलोमीटर. मी किलोमीटरमध्ये नाही, तासांत मोजतो. नोकरी सांभाळून आठवड्याला ८ ते १० तास पुरे. त्यात जोराचे दिवस दोनच, बाकीचं सगळं सहज गप्पा मारता येतील अशा दमाने. जोराच्या दिवसांपैकी एक चढाचा. तवंदी घाट तुमच्या दारात आहे, पण हायवेवरच्या ट्रकांमधून तिथे वर-खाली करत बसू नका. त्यापेक्षा मुदाळ तिट्ट्याकडून राधानगरी-दाजीपूरच्या बाजूला जा, रहदारी कमी आहे आणि चढ-उतार हवे तसे आहेत. आठ मिनिटांचे चार तुकडे, मधे चार-पाच मिनिटं आराम. जोर इतका की दोन-तीन शब्दांपलीकडे बोलता येऊ नये, पण चौथा तुकडा पहिल्याइतकाच व्हावा. चौथा ढासळला तर पहिला जास्त झाला होता असं समजा. तीन आठवडे वाढवत नेलं की चौथा हलका, निम्म्या तासांचा. हा हलका आठवडा लोक टाळतात आणि मग ताप-खोकल्याने तो सक्तीने घ्यावा लागतो.

स्टेज रेसचा खास सराव म्हणजे लागोपाठचे दिवस. पाचव्या आठवड्यापासून शनिवारी चढाचं कष्टाचं काम आणि रविवारी दमलेल्या पायांनी ग्रुपबरोबर लांबची राइड. आणि कुठली तरी जोडून सुट्टी बघून एकदा, जमलं तर दोनदा, तीन दिवसांचा सलग सराव करा. शेवटचा रेसच्या तीन आठवडे आधी संपला पाहिजे. त्यातला एक दिवस आंबोलीला द्या. निपाणीहून सायकलवर जाऊन यायची मर्दुमकी नको. गाडीवर सायकल टाकून संकेश्वर, गडहिंग्लजमार्गे आजऱ्यापर्यंत जा, तिथून आंबोली, खाली दाणोलीला उतरा आणि परत वर या. आंबोली सुमारे ६९० मीटर उंचीवर आहे, त्यामुळे दाणोलीकडून एकसलग मोठा चढ मिळतो, आणि उतारावर वळणांत ब्रेक कसे लावायचे तेही कळतं. सतत दाबून धरू नका, रिम तापते. वळणाआधी घट्ट दाबायचे, वळणात सोडायचे. पावसाळ्यात मात्र तिथे जाऊ नका, धुक्यात समोरची एसटी दिसत नाही. बेळगावकडची आमची पोरं हेच काम जांबोटी, कणकुंबीवरून चोर्ल्याला करतात, पण तो रस्ता आज कसा आहे हे विचारूनच निघावं लागतं.

या तीन दिवसांच्या सरावात मी पायांपेक्षा दुपारकडे बघतो. राइड संपल्यावर तुम्ही काय खाता, कधी झोपता, दुसऱ्या दिवशी पहाटे पोट कसं असतं, याची ती रंगीत तालीम आहे. पायांमध्ये आणि लिव्हरमध्ये मिळून साधारण ५०० ग्रॅम साखर साठते. कष्टाच्या स्टेजमध्ये ती दोन-तीन तासांत तळाला जाते. रात्रभरात ती भरली नाही तर दुसऱ्या दिवशी टाकी अर्धीच असते, तिसऱ्या दिवशी पावच. 'तिसऱ्या दिवशी पाय संपले' असं जे म्हणतात, त्यातला मोठा भाग हा पहिल्या दोन दिवसांच्या जेवणाचा हिशेब असतो.

सायकलवर तासाला ६० ग्रॅम कर्बोदकं, पोटाला सवय लावली तर ८० पर्यंत. महागडे जेल घ्यायलाच हवेत असं नाही. ७५० मिलिलिटरच्या बाटलीत ६० ग्रॅम साखर, पाव चमच्याहून थोडं कमी मीठ, एक लिंबू, झालं एका तासाचं. साखरेत ग्लुकोज आणि फ्रुक्टोज दोन्ही असतात, ते वेगवेगळ्या वाटांनी शोषले जातात, म्हणून पोटाला झेपतं. एका मध्यम केळ्यात २५ ग्रॅमच्या आसपास असतात. काकवी छोट्या बाटलीत भरून नेणारे लोक आहेत, चांगली चालते, फक्त वर पाणी प्या. पहिला घास अर्ध्या तासाच्या आत, भूक लागायची वाट बघायची नाही.

फिनिशनंतर गप्पा मारत उन्हात उभं राहायचं नाही. पहिल्या अर्ध्या तासात बाटलीभर गोड पेय, ओली चड्डी बदलणं, सावली. पुढचे चार तास, तुमचं वजन ७० किलो असल्याने, दर तासाला ७० ग्रॅम कर्बोदकं पोटात जातील असं बघा. भात इथे राजा आहे. भात, पातळ आमटी, दही, दोन अंडी किंवा पनीर. रेसच्या दिवसांत भाकरी, उसळ, कच्ची कोशिंबीर बंद. एरवी उत्तम अन्न, पण पहाटे पाचला ते पोटात नको. सकाळी स्टार्टच्या तीन तास आधी इडली, पोहे किंवा सांजा. मिरच्यांचा झणका आणि कुंदा, दोन्ही चौथ्या दिवसाच्या दुपारी. कुंद्याला माझा विरोध नाही, पण तो तुपा-दुधाचा जड पदार्थ आहे, आदल्या रात्री आग्रह झाला तर हात जोडा.

दुपारी सायकल पुसा, टायरवर हात फिरवून काच-काटा बघा, चेन कोरडी करून तेल द्या, नंबर उद्याच्या जर्सीला लावून ठेवा, मग पाय वर करून आडवे व्हा. पॅडवाल्या चड्ड्या तीन हव्यात आणि त्या रोज साबणाने धुतल्या गेल्या पाहिजेत. बैठकीच्या जागी फोड आला की उत्तम पायांचा माणूसही स्टेज सोडतो. पॅडला क्रीम पहिल्या दिवसापासून लावा, जखम झाल्यावर नाही. आत दुसरी चड्डी घालत असाल तर ती आजच सोडा. पाय दुखतात म्हणून वेदनाशामक गोळ्या गिळणारे बरेच दिसतात. अंगात पाणी कमी असताना त्या गोळ्या किडनीला त्रास देऊ शकतात, तेव्हा डॉक्टरांना विचारल्याशिवाय नाही. लघवी चहाच्या रंगाची झाली तर उद्याचा स्टार्ट विसरून थेट दवाखाना.

तिसऱ्या दिवसाची सकाळ कशी असते ते सांगून ठेवतो, म्हणजे घाबरणार नाही. जिना उतरताना मांड्या ओरडतात. सायकलवर बसल्यावर हृदयाचे ठोके नेहमीपेक्षा कमी दिसतात आणि तेवढ्याच ठोक्यांना मेहनत मात्र जास्त वाटते. थकव्यात हे होतंच. घड्याळातला आकडा गाठायचा म्हणून जोर लावू नका. पहिल्या दिवशी दहा मिनिटं वॉर्म-अप केला असेल तर तिसऱ्या दिवशी वीस-पंचवीस करा. पहिल्या अर्ध्या तासात पाय जे सांगतात त्यावर विश्वास ठेवू नका, बहुतेकांचे तासाभरात मोकळे होतात. आणि आजूबाजूला बघा, सगळ्यांचीच तीच गत असते. बंचचा वेगही तिसऱ्या दिवशी थोडा माणसांत येतो.

पॉवर मीटर घ्या किंवा नका घेऊ. टाइम ट्रायल असेल आणि पैसे सहज असतील तर उपयोगी आहे, कारण तिथे पहिल्या पाच मिनिटांत जास्त जोर लावणं हीच नेहमीची चूक आणि आकडा समोर असला की हात आखडतो. पण बंचमध्ये तुम्ही कुठे बसायचं हे तो सांगत नाही. तेच पैसे असे घालवा: नवीन टायर, फ्रेममध्ये मावत असतील तर २८ मिलिमीटरचे, रेसआधी दोनशे किलोमीटर चालवून बघितलेले. नवीन चेन. दोन जादा चड्ड्या. आणि मागची कॅसेट, म्हणजे मागच्या चाकावरचा दातेरी चकत्यांचा संच. तुमच्याकडे ११ ते २८ दातांची असेल आणि पुढची छोटी चकती ३४ ची, तर मागे ११-३२ लावा. ९ च्या वेगाने चढताना मिनिटाला ६० ऐवजी जवळजवळ ७० फेरे फिरवता येतात, गुडघे आणि चौथा दिवस दोन्ही वाचतात. फक्त मागचा डिरेलर (चेन एका चकतीवरून दुसरीवर नेणारा भाग) तेवढी मोठी चकती घेतो का, हे मेकॅनिकला आधी विचारा.

शेवटच्या दहा दिवसांत तास निम्मे करा, पण जोराचे छोटे तुकडे सोडू नका, नाहीतर पाय झोपतात. याच दिवसांत 'राहून गेलं' म्हणून शंभर मारायचा मोह होतो, तो बायकोला सांगून ठेवा, ती अडवेल.

रूट, टाइम कटचा नियम आणि टाइम ट्रायल आहे की नाही, एवढं कळवा. टाइम ट्रायल असेल तर सातव्या आठवड्यापासून जोराच्या दोन दिवसांतला एक बदलावा लागेल, तो कसा ते तेव्हा लिहितो.